मास्तर आहे, खोली नाही

यंदाच्या पावसाळ्यात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा एकदा वाचली. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही छोटी कादंबरी मराठी वाचकाने किती वेळा वाचावी याला काही मर्यादा नाही. पण या खेपेचे वाचन एस.टी.त झाले, नांदेड जिल्ह्यातल्या एका गावाहून परतताना, आणि त्या गावची प्राथमिक शाळा डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यामुळेच असेल, आजवर ज्या गोष्टीवरून मी सहज पुढे जात आलो होतो तिथे या वेळी ठेच लागली. धनगरांच्या त्या वाडीत एक कोवळा मास्तर येतो, पोरे जमवतो, हळूहळू गावाचा विश्वास मिळवतो. मग गावाने एकत्र येऊन काही उभारावे असे त्याच्या मनात येते. गाव राबते, भिंती चढतात, औंधचे राजेसाहेब उद्घाटनाला येतात. आणि हे जे उभे राहते ती असते तालीम. शाळेची खोली नव्हे, तालीम!

यात माडगूळकरांचे चुकले असे मला मुळीच म्हणायचे नाही. औंधच्या राजांचे सूर्यनमस्कारांचे वेड सर्वश्रुत आहे; त्यांच्या मुलखात मास्तरला तालीम सुचावी हे कथेच्या प्रकृतीला धरूनच आहे. शिवाय लेखकाने गावाचा स्वभाव अचूक ओळखला आहे. गाव बांधते ते दिसण्याजोगे, मिरवण्याजोगे आणि सगळ्यांच्या वाट्याचे. राम देशमुखांनी या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा तिला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘गावाला भिंती नव्हत्या’ असा होतो. मला ते नाव नेहमीच जरा काव्यात्म वाटत आले. या वेळी मात्र ते शब्दशः घ्यावेसे वाटले.

आपल्या साहित्यात मास्तर उदंड आहेत. साने गुरुजी स्वतः अमळनेरला शिक्षक होते आणि त्यांच्या पुस्तकांतून शिक्षकाचे मन पानोपानी ओसंडते. पु. लं.चे चितळे मास्तर आहेत. मिरासदारांचे खेड्यातले मास्तर आणि त्यांना पुरून उरणारी वात्रट पोरे आहेत. आपण त्या मास्तरांवर हसलो, रडलो, त्यांच्या नावाने सत्कार केले. पण या मंडळींनी ज्या खोलीत उभे राहून शिकवले ती खोली केवढी होती, तिच्यात मुले किती मावत होती, पाऊस आला म्हणजे कोणत्या कोपऱ्यातली मुले उठून दुसऱ्या कोपऱ्यात जात होती, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते. खोली ही आपल्या कथेत हवेसारखी गृहीत धरलेली असते.

याला एक अपवाद आहे आणि तो फार मोलाचा आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ सालचे, प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ सालचे, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० सालचे. दलित आणि भटक्या समाजांतील लेखकांची आत्मकथने येऊ लागली तेव्हा प्रथमच मराठी वाचकाला कळले की शाळेत ‘कुठे बसला’ हा प्रश्न ‘काय शिकला’ याच्या आधीचा असतो. सोनकांबळे तर याच मुलखातले, उदगीरकडचे. ज्याला आत जागा नाही त्यालाच आतल्या जागेचे मोल कळते. जो आत होता त्याने भिंतीकडे पाहिलेच नाही. आज नांदेड-लातूरच्या कित्येक शाळांत सगळीच लेकरे दाराबाहेर, व्हरांड्यात बसलेली आढळतात. कारण निराळे आहे, त्यांना कोणी बाहेर बसवलेले नाही, आत जागाच उरलेली नाही. पण व्हरांडा तोच.

मी पाहिलेल्या शाळेचे नाव सांगत नाही; का, ते पुढे येईलच. पाच वर्ग आणि वापरात खोल्या तीन. समीक्षकाला पुस्तक वाचायची सवय असते. मी ती इमारतच वाचायला घेतली, कारण तिच्याइतका स्तरास्तरांनी रचलेला ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही. सर्वांत जुनी खोली निजामाच्या काळातली, जाड दगडी भिंतींची, उंच छताची. मराठवाड्यात ‘निजामकालीन शाळा’ हा शब्द अजून चालतो, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात अर्धा आदर, अर्धी भीती असते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. एवढी राज्ये बदलली, पण ती खोली तीच राहिली. दुसरी खोली खडू-फळा मोहिमेतली. १९८७ साली केंद्र सरकारने ठरवले की प्रत्येक प्राथमिक शाळेला उन्हापावसात टिकतील अशा निदान दोन खोल्या असाव्यात. म्हणजे स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाल्यावर अपेक्षा दोन खोल्यांपर्यंत पोहोचली! तिसरी खोली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाची. तो १९९४ साली सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रात त्यासाठी पहिल्यांदा निवडलेले पाचही जिल्हे मराठवाड्यातले होते : औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद, लातूर आणि नांदेड. मागासलेपणाच्या यादीत आपला पहिला नंबर लागल्याचा तेवढा एक फायदा. चौथी खोली सर्व शिक्षा अभियानातली, २००१ नंतरची, भिंतींवर बाराखडी आणि पाढे रंगवलेली. ‘बोलक्या भिंती’ म्हणतात त्यांना. रंगासाठी गावाने वर्गणी दिली होती.

चार झाल्या. मग वापरात तीन कशा? निजामकालीन खोलीच्या दारावर लाल अक्षरांत ‘धोकादायक’ असे लिहून कुलूप घातले आहे. तिच्या सावलीत दुसरीचा वर्ग बसतो. उरलेल्या तीन खोल्यांतल्या एकीचा अर्धा भाग पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांनी व्यापलेला. दुसरीत तिसरी आणि चौथी पाठीला पाठ लावून. एका फळ्याकडे तोंड करून तेराचा पाढा चाललेला आणि दुसऱ्या फळ्याकडे तोंड करून कविता. पाढ्याचा आवाज नेहमीच मोठा असतो. पाच मिनिटांत कवितेचे पोर पाढा म्हणू लागते. मला हसू आले. शिकवणाऱ्या बाईंना आले नाही.

आता कोणी म्हणेल, जुनी खोली धोकादायक असेल तर पाडा आणि तिथेच नवी बांधा. असे वाटणारा मनुष्य भाग्यवान. त्याने सरकारी कागद पाहिलेला नाही. खोली पाडण्यापूर्वी तिचे ‘निर्लेखन’ व्हावे लागते, म्हणजे ती दप्तरातून अधिकृतपणे पुसली जावी लागते. ती पुसली जाईपर्यंत कागदावर ती आहे. ती आहे तोवर शाळेला खोल्या चार. आणि खोल्या चार असल्यावर गरज एकाच खोलीची. मुख्याध्यापकांनी अर्ज करावा, केंद्रप्रमुखांनी तो पुढे धाडावा, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शिफारस करावी, शिक्षणाधिकाऱ्यांनी मागणीच्या यादीत घ्यावे, बांधकाम विभागाने अंदाजपत्रक करावे, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निधी, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. मध्येच कोणाच्या तरी ध्यानात येते की जागा शाळेच्या नावावर नाही, गायरान आहे. ते निस्तरेपर्यंत दरसूची बदलते आणि सिमेंट-सळईचा जुना हिशेब बाद होतो. अंदाजपत्रक पुन्हा पहिल्यापासून. यातली कोणतीही एक पायरी घ्या, ती अगदी शहाणपणाची आहे. पडकी खोली कोणाच्याही तोंडी हुकमावर पाडू नये, हे बरोबर. दुसऱ्याच्या जमिनीवर शाळा बांधू नये, हेही बरोबर. आणि किल्लारीच्या मुलखात तर इंजिनिअरच्या सहीशिवाय एक वीटही चढू नये असे मी स्वतः म्हणेन. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे निजलेल्या माणसांवर कशी बसली ते आपण पाहिले आहे. म्हणून या कथेत खलनायक शोधणारा फसतो. दहा शहाण्या पायऱ्यांचा मिळून एक वेडा जिना झाला आहे, इतकेच.

किल्लारीचे नाव निघालेच म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत पन्नासांवर गावे नव्या जागी, नव्या आखणीने वसवली गेली. त्या पुनर्वसनाबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या, आणि दूरदूरच्या घरांत माणसांचा शेजार तुटला ही तक्रार मलाही खरी वाटते. पण गावेच्या गावे उभी राहिली हे नाकारता येणार नाही. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले. म्हणजे आपल्याला घाई करता येते. संकटाला तारीख असली, की फाइल धावते. तिसरीच्या वर्गाला जागा नाही, या संकटाला मात्र तारीख नाही. ते काल होते, आज आहे, आणि रोज थोडेथोडे असल्यामुळे कोणाच्या नजरेत भरत नाही.

कायद्याने एक तारीख दिली होती खरी. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, शिवाय कार्यालय आणि भांडार यांसाठी निराळी जागा असे मोजमाप त्याने लिहून ठेवले आणि ते पुरे करायला तीन वर्षे दिली. ती मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत बसलेले लेकरू कुठेही न अडखळता शिकले असेल, तर २०२५ साली ते बारावी पार झाले. त्याच कायद्याने प्राथमिक शाळा चौथीऐवजी पाचवीपर्यंत धरली. कित्येक गावांत एक वर्ग वाढला आणि खोली तीच राहिली.

शाळेच्या कट्ट्यावर एक आजोबा नातीची वाट पाहत बसले होते. मी विचारले, “काका, नव्या खोलीचे काय झाले?” ते म्हणाले, “आमचा थोरला नातू पहिलीला व्हता तवा खोली मंजूर झाली म्हणले. आता त्यो धाव्वीला गेला. खोली यायलीच हाय अजून.”

मला वाटते, उशिराची खरी व्याख्या या एका वाक्यात आली. सडक पाच वर्षे उशिरा झाली तरी तोच शेतकरी तिच्यावरून बैलगाडी नेतो. धरण उशिरा झाले तर निदान मुलगा तरी पाणी पाहतो. प्राथमिक शाळेत लेकरू पाच वर्षे असते. पाच वर्षे उशिरा आलेली खोली त्या लेकराला उशिरा आलेली नसते, ती त्याला आलेलीच नसते. खर्चाच्या हिशेबात हे कुठेच उमटत नाही. तिथे खोली ‘पूर्ण’ अशीच नोंदली जाते.

यावर सुशिक्षित मंडळींचे ठरलेले एक उत्तर असते आणि ते मला दिवाळीच्या फराळाला बसलेल्या प्रत्येक घरात ऐकू येते : “अहो, शिक्षक चांगला असला म्हणजे झाडाखालीसुद्धा शाळा भरते. रवींद्रनाथांचे शांतिनिकेतन पाहा!” शांतिनिकेतनाची शाळा १९०१ साली निघाली आणि तिथे वर्ग झाडाखाली भरत, हे खरे. पण ते झाड कवीने हौसेने निवडलेले होते. ज्याच्या घरात पाच खोल्या आहेत त्याने अंगणात बाज टाकून झोपणे वेगळे आणि ज्याला घरच नाही त्याने अंगणात झोपणे वेगळे. एप्रिलातल्या नांदेडच्या उन्हात, किंवा ऑगस्टात धुवाधार लागली असताना, त्या झाडाखाली तासभर बसून मग हे वाक्य उच्चारावे. पाऊस आला की आमच्या त्या शाळेत दुसरीच्या वर्गाला सुटी मिळते. मुलांना आनंद होतो. तो आनंद पाहून मला फार बरे वाटले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट तर घटतो आहे, वीस मुलांच्या आतल्या शाळा चालवायच्या की नाही याची चर्चा चालू आहे, मग नव्या खोल्या कोणासाठी? याचे उत्तर देण्यापूर्वी नांदेडची एक जुनी हकीकत आठवली पाहिजे. नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांच्या पटाची पडताळणी करविली; हजेरीपटावर नावे आहेत पण वर्गात मुले नाहीत, असे फार मोठ्या प्रमाणावर आढळले. तिच्यामागून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत साऱ्या राज्यात पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना मतदारासारखी शाई लावली गेली. आणि लाखो मुले कागदावरच वाढत होती हे उघड झाले. हे काम होणे अत्यंत जरूर होते. पण त्याचा एक परिणाम कोणी मोजला नाही. त्या दिवसापासून ‘माझ्याकडे मुले जास्त आहेत’ असे म्हणणाऱ्या प्रामाणिक मुख्याध्यापकाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. कागदावरच्या मुलांना जागा लागत नाही. त्यांनी अनुदान तेवढे खाल्ले. हाडामासाच्या मुलांनी मात्र आपण खरे आहोत हे सिद्ध करत व्हरांड्यात बसायचे.

आणि पट घटतो तो कसा? एक साधी गोष्ट पाहा. पटाची तारीख म्हणून वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर धरली गेली. मुखेड, कंधार, लोहा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसे जातात, बरोबर लेकरेही जातात. जूनपासून दिवाळीपर्यंत ज्या वर्गात पाय ठेवायला जागा नसते, तोच वर्ग जानेवारीत तपासणीला आलेल्या साहेबांना ऐसपैस दिसतो. दुसरे असे की, ज्या बापाच्या हातात चार पैसे आहेत तो लेकराला व्हरांड्यात किती वर्षे बसवील? तालुक्याच्या गावाहून पिवळी गाडी दारात येते. तो लेकरू गाडीत बसवतो. असे दहा बाप निघाले की पट उतरतो. पट उतरला की प्रस्ताव परत येतो, ‘सध्याच्या पटानुसार नवीन खोली अनुज्ञेय नाही’ असा शेरा घेऊन. खोली नाही म्हणून मुले गेली, आणि मुले गेली म्हणून खोली नाही. उशीर स्वतःचे समर्थन स्वतःच तयार करतो! मागे उरतात ती ज्यांच्या बापाला गाडीचे भाडे परवडत नाही अशी लेकरे. आणि मुलींना मागे ठेवून मुलग्यांना गाडीत बसवलेलीही घरे त्या गावात मला दिसली.

हे सारे लातूरपासून फार दूर चाललेले नाही, हे ध्यानात घ्यावे. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर आहे. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूर झळकले, डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी दूरदूरची मुले लातुरात खोली घेऊन राहतात. होय, खोली घेऊन! शिकवणीसाठी आणि वसतिगृहासाठी मजले चढायला तिथे वेळ लागत नाही. अकरावीच्या मुलाची खोली हा व्यवसाय आहे, पहिलीच्या मुलाची खोली हा प्रस्ताव आहे. मी त्या मुलांच्या कष्टांचा अनादर करत नाही. पण बारावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या या मुलखाने आपल्या पॅटर्नची सुरुवात पहिलीपासून मोजली तर तिच्यात काय दिसेल, एवढे पाहायला हवे.

गावांनी काही करू नये काय? करतात. निजामाच्या राज्यात मातृभाषेतून शिकणे दुर्घट होते, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवत होते. लोकांनी पोटाला चिमटा काढून शाळा चालवल्याचा हा इतिहास आपलाच आहे. मी पाहिलेल्या गावातही लोकवर्गणीतून रंग आला, टीव्ही आला. पण त्याच गावात शाळेच्या समोर एक प्रशस्त सभामंडप उभा आहे, उत्तम छताचा, फरशी घातलेला, देणाऱ्याच्या नावाची पाटी लावलेला. वर्षातून दोन सप्ताह सोडले तर रिकामा. मी पुन्हा ‘बनगरवाडी’कडे आलो ते इथे. तालीम आणि सभामंडप यांत अंतर ते किती? जे सगळ्यांना दिसते ते आपण बांधतो, आणि ज्यात फक्त लेकरे बसायची ते सरकार बांधील म्हणून वाट पाहतो. त्या कादंबरीतली तालीम उभी राहिली आणि पुढे दुष्काळात गाव ओस पडले. माडगूळकरांनी त्यावर एका शब्दाने भाष्य केलेले नाही, हा त्यांचा मोठेपणा. मला तो साधत नाही.

मुख्याध्यापक पंचावन्नच्या घरातले. गुरुजी म्हणूनच सगळे त्यांना हाक मारतात. त्यांनी मला कपाटातली फाइल काढून दाखवली. लाल फीत, वर पांढऱ्या कागदावर सुंदर अक्षरांत शाळेचे नाव. आतल्या अर्जांचे अक्षरही त्यांचेच, आणि पहिल्या अर्जापासून शेवटच्यापर्यंत ते अक्षर कसे किंचित थरथरू लागले ते दिसत होते. मी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. दिवाळीच्या सुटीनंतर दुसरीचा वर्ग सभामंडपात बसवायची परवानगी देवस्थानच्या पंचांकडे मागणार आहेत, असे म्हणाले. मी हे कुठेतरी लिहीन असे सांगताच थबकले.

“लिहा की साहेब, जरूर लिहा,” ते म्हणाले. “फक्त गावाचं नाव तेवढं घालू नका. फाइल आता कुठं बांधकामच्या टेबलावर आलीय.”